दाजींचं राहिलेलं काम

दुपारचं जेवण झालं की गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढायचं आणि मागच्या बाकावर पाठ टेकायची, ही दादाची वर्षानुवर्षांची सवय. रस्त्यावरचं ऊन मग गुडघ्याएवढंच आत यायचं आणि त्या पट्ट्यात येणाऱ्याजाणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. त्या दिवशी असेच दोन पाय येऊन थांबले आणि त्यांच्या शेजारी एक भलंमोठं खोकं टेकलं.

"आहे का कोणी? पार्सल आहे."

दादा वाकून बाहेर आला. कुरिअरवाल्याने पावती पुढे केली. तिच्यावर नाव दाजींचं होतं.

"हे कुठायत? सही त्यांची लागेल."

"ते नाहीत."

"मग कधी येतील?"

दाजींना जाऊन अजून दोन महिनेही झाले नव्हते आणि हा माणूस ते बाजारात गेल्यासारखा विचारत होता. त्याने पेन ओढून घेतलं, स्वतःची सही ठोकली आणि खोकं आत ओढलं.

बायको सोडली तर सगळं जग त्याला दादाच म्हणायचं. इंजिनाच्या कामाला तो हात लावत नसे. हॉर्न, जादा दिवे, सीटचं कव्हर, अलार्म, गाण्यांचा डबा, म्हणजे गाडीवर जे जे वरून चढवायचं ते सगळं दादाकडे. गॅरेजच्या मागच्या दारातून थेट घरात जाता यायचं आणि त्या घरात सध्या तिघं होती. दादा, त्याची बायको, आणि त्याची धाकटी बहीण चिमी. चाळिशी उलटली तरी ती चिमीच राहिली होती. दाजी एका दुपारी ऑफिसात डबा खाऊन खुर्चीत मागे रेलले ते रेललेच. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. दादाने जाऊन बहिणीला घरी आणलं आणि मागून टेम्पोत घालून दाजींची मोटरसायकलही आणली. ती तेव्हापासून गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी होती.

खोक्यात काय असणार हे दादाला न उघडताच कळलं. गेलं वर्षभर दाजींनी त्याचं डोकं खाल्लं होतं. थंडी सरली की ते आणि चिमी गाडीवरून थेट समुद्रापर्यंत जाणार होते. "मागे बसून तिला वारा लागायला नको दादा, आणि गाणी हवीत. गाण्यांशिवाय ती तुमच्या गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा यायची नाही." त्यासाठी त्यांना फेअरिंग हवं होतं. म्हणजे गाडीच्या तोंडावर बसवायचं फायबरचं कवच. वर वाकडी काच, मध्ये दिव्याला जागा, आतल्या बाजूला दोन स्पीकर आणि स्टिरिओ. नवं परवडण्यासारखं नव्हतं म्हणून त्यांनी कुठूनतरी वापरलेलं शोधून काढलं होतं. लांबच्या प्रवासाच्या कोणत्या तरी गाडीवरून उतरवलेलं, पण नव्यासारखं.

दादाने पट्ट्या कापल्या. काळंभोर, गुळगुळीत, एक ओरखडा नाही. त्याने ते उचलून उजेडात धरलं आणि नाकाला कसलातरी वास जाणवला म्हणून पुन्हा खाली ठेवलं. फायबरला एक वास असतो, रंगाला एक असतो. हा त्यातला नव्हता. बराच वेळ मिटून ठेवलेलं तोंड कोणी आपल्या चेहऱ्यासमोर उघडावं तसा, कोमट आणि शिळा.

"आलं वाटतं," मागच्या दारातून चिमी म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली कोण जाणे.

"परत पाठवतो मी हे. गाडी तर विकायचीच आहे ना आपल्याला."

"लावून टाक, दादा."

"अगं, पण चालवणार कोण? तुला तर सायकलपलीकडे काही..."

"चालवायला कोण सांगतंय? त्यांचं राहिलेलं काम आहे. तेवढं पुरं कर."

नवरा गेल्यापासून तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. दादा नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने काम काढलं. ताडपत्री उतरवली, टाकीवरची धूळ पुसली, आधी बॅटरीची तार सोडवली. पुढचा दिवा उतरवला. हँडलखालच्या दोन्ही दांड्यांना क्लॅम्प आवळले, मध्ये रबराच्या चकत्या घातल्या, नाहीतर चालत्या गाडीत फायबर खुळखुळून जीव नको करतं. मग कवच वर चढवून चारी बोल्ट हातानेच लावले आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं, कुठे केबल ओढली जात नाही ना. सगळं एखाद्याच्या मापाने शिवल्यासारखं बसलं. इतकं बिनतक्रार काम दादाच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि झालं याचा त्याला का कोण जाणे, आनंद झाला नाही.

वायरिंग करताना एक गोष्ट त्याला खटकली. स्टिरिओच्या पाठीमागून एक जादा बारीक तार निघाली होती. तिच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी जाळी होती. कोणी मागे माइक बसवून घेतला असेल, असं म्हणून त्याने ती तशीच लोंबत ठेवली. फ्यूज घातला, बॅटरी जोडली, बटण दाबलं.

स्पीकरमधून खरखर आली. गाणं नाही, स्टेशन नाही, नुसती खरखर. दादाने कान लावला. खरखरीच्या खाली आणखी काहीतरी होतं, वरखाली होणारं, ठरावीक गतीचं. झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसावं आणि ऐकावं, तसं.

"अर्थिंग खराब," दादा स्वतःशीच पुटपुटला आणि त्याने बटण बंद केलं.

शेजारचा पंक्चरवाला चहा घेऊन आला. दोघं शटरपाशी उकिडवे बसून चहा प्यायले. पंक्चरवाल्याने गाडीकडे बघून शीळ घातली. "काय दिसतेय राव! माझ्या लग्नात मी एवढा सजलो नव्हतो." दादा हसला. तेवढ्यात मागून, अगदी हळू, कोणीतरी म्हणालं,

"अर्थिंग खराब."

दोघांनी वळून पाहिलं. गॅरेजात कोणी नव्हतं. स्टिरिओचा दिवा बंद होता.

"गाडीला बोलायला शिकवलंत की काय दादा?" पंक्चरवाला म्हणाला. "उद्या चहा मागेल. मी काही आणून देणार नाही हां." पण कप त्याने अर्धाच ठेवला आणि तो उठून गेला. त्यानंतर काही काम असलं की तो रस्त्यावरूनच हाक मारायचा.

दुपारी चिमी आली. एक स्टूल ओढून गाडीसमोर बसली आणि टाकीवर हात ठेवून म्हणाली, "झालं बघा तुमचं काम."

मग स्पीकरमधून आलं, "झालं."

तो आवाज कोणाचाच नव्हता. बाईचा नाही, बाप्याचा नाही. पाटीवर अजून काही लिहिलेलं नसावं, तसा. दादाच्या हातातला पाना खाली पडला. चिमी मात्र दचकली नाही. ती पुढे वाकली आणि लहान मुलाला समजावावं तशी म्हणाली, "असे नाही बोलायचे ते. थोडं नाकातून बोलायचे. आणि शेवटचा शब्द लांबवायचे."

"झालंऽ..." स्पीकर म्हणाला. या वेळी जरासा नाकातून.

त्यानंतर रोज दुपारी ती तिथे बसू लागली. दादाने आधी फ्यूज काढला, मग बॅटरीच काढून घरात नेऊन ठेवली, ती जाळीची तार कापून टाकली. कशाने काही फरक पडला नाही. चिमी बोलायची आणि गाडी उत्तर द्यायची. आठवडाभरात तो आवाज इतका दाजींचा झाला, की एकदा दादा मागच्या दारातून येताना ऐकून "काय दाजी, आज लवकर?" असं म्हणून गेला आणि मग तिथेच भिंत धरून उभा राहिला.

तक्रार कोणाकडे करायची? काय म्हणून करायची? घरात बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "चिमीताई चार घास जास्त खातायत, रात्री शांत झोपतात. राहू द्या ना. तुमचं ते यंत्र बिघडलंय, एवढंच." आणि हेही खरंच होतं. चिमीचा चेहरा निवळला होता. रडून रडून सुजलेले डोळे उतरले होते. भावाला आणखी काय हवं असतं?

पण दादाच्या मनाला चैन पडेना. ते दाजी नव्हेत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जे कानावर पडतं तेच फिरवून बोलतंय, एवढंच. ते सिद्ध करायला त्याने एक युक्ती केली. चिमी आंघोळीला गेलेली पाहून तो गाडीपाशी गेला आणि मुद्दामच एक थाप मारली. स्वतःच्या लहानपणची गोष्ट दाजींच्या नावावर खपवली. त्याने अगदी रंगवून सांगितलं, कुत्र्याने कसं पोटरीला धरलं, पँट कशी फाटली, ओरडत घरापर्यंत कसं पळावं लागलं, सगळं.

स्पीकर गप्प होता. पण ते गप्प राहणं ऐकणाऱ्याचं होतं, हे दादाला जाणवलं. मान पुढे काढून ऐकणाऱ्याचं.

दुपारी तो दाराआड उभा राहिला. दाजींचा आवाज चिमीला सांगत होता, "लहानपणी मला कुत्रा चावला होताऽ... या इथे, पोटरीला..."

दादाने बहिणीला हाताला धरून आत नेलं. "चिमे, ऐक माझं. ते दाजी नाहीत. ती कुत्र्याची गोष्ट मी सांगितली होती त्याला. सकाळी. खोटी होती ती."

"मला माहितीये, दादा."

"काय माहितीये?"

"ते नाहीत ते. पहिल्या दिवसापासून माहितीये. ते मला कधी चिमी म्हणाले नाहीत. हे तुझं ऐकून म्हणतंय." ती शांतपणे पदर सारखा करत राहिली. "पण ते बोलतं तरी माझ्याशी. तुम्ही सगळे मी आले की आवाज खाली आणता. वहिनी तर भांडीसुद्धा हळू ठेवतात."

त्या संध्याकाळी तो पाय धुवत बसला होता. डाव्या पोटरीवर एक जुना, पांढरा पडलेला व्रण होता. दोन बाजूंना ठिपके, मध्ये ओढलेली कातडी. त्याने त्यावरून बोट फिरवलं. हे कधी झालं? कशाने? त्याने खूप आठवून पाहिलं. काहीच सापडेना. अडकायला एक खुंटीसुद्धा नाही, नुसती सपाट भिंत.

"अगं," त्याने बायकोला विचारलं, "हे मला काय लागलं होतं गं?"

ती हसली. "चेष्टा करताय का माझी? कुत्रा चावला होता ना. पन्नासदा ऐकलीये मी ती गोष्ट. पँट फाटली, पळत घरी आलात..."

त्याला ती गोष्ट आठवत नव्हती. सकाळी आपण एक थाप मारली हे आठवत होतं. पण ती थाप कशातून काढली होती, तिथे काहीच उरलेलं नव्हतं.

तो तसाच ओल्या पायांनी चिमीकडे धावला. ती खिडकीत बसून वाटाणे सोलत होती.

"चिमे, तुझी नि दाजींची पहिली भेट कशी झाली होती? सांग बरं मला. ते सायकलचं."

ही घरातली सगळ्यांची आवडती गोष्ट. वाचनालयाबाहेर दोन एकसारख्या सायकली उभ्या होत्या आणि दाजी चुकून चिमीचीच घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत करताना सायकलला त्यांनी नवी घंटी बसवून आणली होती. चिमीला ती सांगायचा कधी कंटाळा यायचा नाही.

तिने वर पाहिलं. "कोणाची सायकल?"

"तुझी. दाजी घेऊन गेले होते ना..."

"मला सायकल येते?" तिने उत्सुकतेने विचारलं.

दादाने तिच्या हातातली शेंग काढून घेतली. "चिमे, तू त्याला काय काय सांगितलंस? किती सांगितलंस?"

"ते विचारतं, मी सांगते," ती म्हणाली. "सांगितलं की ते दुखत नाही मग. ऑफिसातून फोन आला ना त्या दिवशी, ते सगळं सांगून टाकलं मी. आता तो दिवस नाहीच. किती हलकं वाटतं म्हणून सांगू..." आणि ती पुन्हा शेंगा सोलायला लागली, इतकी समाधानी, की दादाला तिच्याकडे बघवेना.

त्याने गॅरेजच्या मागच्या दाराला घराकडून कुलूप घातलं. मग चिमी सगळं घर झोपलेलं असताना, भरदुपारी, बंद दाराला तोंड लावून बोलताना सापडली. दाराच्या पलीकडून उत्तरं येत होती. त्याने तिला खोलीत थांबवलं, तर ती दोन दिवस जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी बायकोच म्हणाली, "अहो, जाऊ द्या तिला. मरेल ती." जाऊ दिलं, तर रोज थोडी थोडी कमी होत जाताना बघायची. कुठून धरावं तेच कळत नव्हतं. डोळ्यांदेखत बहीण ओंजळीतल्या पाण्यासारखी गळत होती आणि बोटं मिटायचीही सोय नव्हती. आधी तिचा संसार गेला. मग शाळा गेली, मैत्रिणी गेल्या. मग एका सकाळी तिने चहाचा कप त्याच्या हातातून घेतला आणि परक्या घरी आल्यासारखं, अदबीने हसून म्हणाली, "तुम्हाला उगाच त्रास. तुम्ही... या घरचेच ना?"

दादा सरळ गॅरेजात गेला. मोठा हातोडा उचलला. शटर पूर्ण वर केलं, लख्ख उजेड आत घेतला आणि फेअरिंगच्या काचेसमोर उभा राहिला.

"दादा, नको ना," फेअरिंग म्हणालं.

तो दाजींचा आवाज नव्हता. चिमीचा होता. आत्ता चहा घेतलेल्या त्या शांत बाईचा नाही, तर खऱ्या चिमीचा. जरा हट्टी, जरा रडवेला.

"गप्प बस!" दादा ओरडला.

"मला फोडू नकोस रे. माझा परकर पेटला होता तेव्हा तूच विझवलास ना? हात भाजला होता तुझा. मी रोज फुंकर घालायचे..."

घरात बसलेल्या बाईला यातलं काही माहीत नव्हतं. इथे, या काळ्या फायबरच्या आत, सगळं होतं. मग बहीण कोणती? घाव घातला तर मरेल कोण?

"आई गेली तेव्हा तू शाळेत होतास," आवाज आणखी खाली आला. "मीच होते खोलीत. आई तुझ्यासाठी एक निरोप ठेवून गेली. मला कधी सांगताच आला नाही. तोंड उघडलं की रडू यायचं. सांगू आता?"

हातोडा जमिनीला टेकला. दादाला माहीत होतं आपण काय करतोय ते. तरीही तोंडातून शब्द गेलाच.

"सांग."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. वरखाली, वरखाली. आणि तो शिळा कोमट वास दादाच्या तोंडावर आला.

"आधी तू काहीतरी सांग..."

दादा मागे सरकला. भिंतीला पाठ लागेपर्यंत सरकला. मग हातोडा तिथेच टाकून घरात गेला.

त्यानंतर त्याने फेअरिंग फोडलं नाही, काढलं नाही, विकलं नाही. विकणार तरी कसं, आपली बहीण कोणा परक्याच्या गाडीला लावून? आणि ठेवावं तर... रोज दुपारी तो शटर अर्धं खाली ओढून गाडीसमोर स्टुलावर बसायचा. ओठ घट्ट मिटून. चिमी स्वतः आता तिकडे फिरकत नसे, सांगण्यासारखं तिच्याकडे काही उरलंच नव्हतं. चिमीचा आवाज त्याला जुन्या गोष्टी सांगायचा आणि अधूनमधून विचारायचा, "निरोप नको का तुला?" तो मान हलवायचा. बायको म्हणायची, "अहो, तिकडे तासन्‌तास काय करता?" तर तो म्हणायचा, "ऐकतो. नुसता ऐकतो. मी एक अक्षर बोललेलो नाही." आणि ते त्याला अगदी पक्कं आठवत होतं. आपण एकदाही तोंड उघडलेलं नाही, हे.

आईचा निरोप काय होता तेही त्याला आता माहीत होतं. तो कधी नि कसा कळला, याचा मात्र त्याने विचार केला नव्हता.

एका दुपारी तो असाच बसलेला असताना रस्त्यावर रिक्षा थांबली. शटरखालच्या उजेडात दोन पाय दिसले, निळे बूट, शेजारी चाकांची बॅग. कोणीतरी वाकून आत आलं. वीस-बावीस वर्षांची मुलगी होती, उन्हाने लाल झालेली, हसणारी.

गिऱ्हाईक असेल म्हणून दादा उठला. "बोला, काय काम आहे?"

मुलगी हसली. मग तिचं हसू हळूहळू थांबलं.

मागच्या दारातून त्याची बायको पदराला हात पुसत धावत आली, तिने त्या मुलीला मिठीत घेतलं, तिची बॅग उचलली, किती वाळलीस म्हणाली, कळवायचं नाही का म्हणाली, आणि डोळे पुसत दादाकडे वळली. "अहो, असे उभे काय राहिलात? बघा तरी कोण आलंय!"

दादा बघत होता. चेहरा चांगला होता. नाक थोडं त्याच्या बायकोसारखं होतं. त्याने मनात सगळीकडे शोधलं, प्रत्येक खोलीत जाऊन, प्रत्येक कपाट उघडून.

"बाबा?" मुलगी म्हणाली. "असं काय बघताय... बाबा?"

दादाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"आलीस का, बाळा?" त्याच्याआधीच त्याच्या पाठीमागून आवाज आला. त्याचाच आवाज, मायेने भरलेला, किंचित घोगरा. "ये. जवळ ये. प्रवास कसा झाला, सगळं सांग मला..."

मुलीने चमकून गाडीकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला आणि दादाला वळसा घालून ती तिकडे चालू लागली.